मान धरली का?

माझी केतकी नव्याण्णव सालची. ती अडीच महिन्यांची असताना माझ्या सासूबाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं की, नातीनं मान धरली. शेजारणींना सांगून झालं, गोंदियाला नणंदेकडे फोन करून झाला. सकाळी शामकलाबाई न्हाऊ-माखू घालायला आली तेव्हा सासूबाई नारळ आणि ब्लाउजपीस ताटात घेऊन उभ्याच होत्या.

शामकलाबाईनं ताटाकडे पाहिलं नाही. न्हाणीतल्या पाटावर ती पाय पसरून बसली, पोरीला नडग्यांवर पालथं टाकलं, ओले हात झटकले आणि तिच्या डोक्याच्या पुढ्यात एक टाळी वाजवली. केतकीनं डोकं उचललं, जरा डोलवलं आणि धपकन खाली टाकलं.

"नाई," शामकलाबाई म्हणाली. "अजून सोडून राहिली."

"अगं, उचलली की! मी कालपासून पाहते."

"उचलली, बाई. धरली नाई. उचलणं येगळं, धरणं येगळं."

"आमच्या घरची मुलं लवकरच धरतात."

"धरत असतील. हिनं नाई धरली."

ताट आत गेलं. पुढचे सोळा दिवस सासूबाई तिच्याशी धड बोलल्या नाहीत. सतराव्या दिवशी टाळी वाजली, केतकीनं डोकं वर केलं आणि दारातून उन्हाकडे पाहत राहिली. शामकलाबाईनं मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि मग न्हाणीतूनच हाक दिली, "बाई, आणा तुमचा नारळ. धरली मान पोट्टीनं."

आमगावात तेव्हा ती असं सांगेपर्यंत मूल मान धरत नसे. डॉक्टर असोत की आजी, शामकलाबाईच्या टाळीशिवाय कुणाचा विश्वास बसत नव्हता.

तिचं आडनाव शहारे. स्टेशनच्या पलीकडे बुद्धविहाराला लागून तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा उदाराम मालधक्क्यावर हमाल होता, मुलगा चौथीत असतानाच तो वारला. मालिशचं काम ती सासूकडून शिकली. हात रुंद, अंगठे चपटे, आणि अंगाला कायम मोहाच्या टोऱ्यांच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा वास. कामाच्या पिशवीत तेलाची बाटली, एक जुनं सुती लुगडं फाडून केलेली फडकी आणि स्वतःचा स्टीलचा पेला. काही घरांत बाळ तिच्या मांडीवर चालायचं, पण चहाला कप वेगळा निघायचा. तिनं भांडण केलं नाही. पेला घेऊन जाऊ लागली. चहा आला की म्हणायची, "माह्या पेल्यात ओता, मले माह्याच पेल्यात गोड लागते." कप वेगळा काढणाऱ्या बायका ओशाळायच्या. काही ओशाळायच्याही नाहीत.

गावातली माणसं तिला चेहऱ्यानं कमी आणि पाठीनं जास्त ठाऊक होती. कॉलेजातली मुलं रस्त्यानं गेली की ती मागून पाहायची. "हा मास्तरांचा थोरला. पाठीनं ताठ होता लहानपणापासून. आन् ते मधली, कंबरेत ढिली होती, मीच आवळली." मानेबद्दल मिळालेल्या ब्लाउजपीसांचे ब्लाउज तिनं कधी शिवले नाहीत. साठवून साठवून त्यांची तिनं एक वाकळ शिवली. तिच्यात डाव्या कोपऱ्याला केतकीचा मोरपंखी तुकडा आहे. ती वाकळ तिच्या नातीसाठी होती.

नात यशोधरा, म्हणजे यशू, दोन हजार चारची. मुलगा भोजराज राईस मिलमध्ये मशीनवर. सून अल्का गोंदियाच्या एका साडीच्या दुकानात कामाला. सकाळच्या पॅसेंजरनं जायची, दिवेलागणीला यायची. त्यामुळे यशू आजीच्या पदराला बांधलेली. शामकलाबाई जिथे जाईल तिथे ती. आमच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली बसून ती मुंग्यांची रांग पाहत राहायची, आणि मुंगी भिंतीवर चढली की तिच्याबरोबर हिची मान वर वर जायची. मला ते अजून दिसतं.

त्या पोरीची मान तर शामकलाबाईनं दोन महिने वीस दिवसांत जाहीर केली होती. "घरचीच म्हणून लवकर का गं?" मी चिडवलं होतं. ती खरोखर रागावली. "बाई, माह्या तोंडून मानेचं खोटं कधी निघालं का?"

*

दोन हजार बाराची गोष्ट. धान्याचे व्यापारी गोवर्धनसेठ यांची सून नागपूरची. तिचं पहिलं मूल अंगाला पाणी लागलं की गल्ली डोक्यावर घ्यायचं. एक दिवस ती सून न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली, हातातला मोठा मोबाईल बाळासमोर धरला, त्यात एक पिवळं अस्वल नाचत होतं. बाळ रडता रडता थांबलं. तोंड उघडं, डोळे त्या काचेवर, आणि अंग लोण्यासारखं सैल.

शामकलाबाई त्या दिवशी आमच्याकडे आली ती हसतच. "माय वो, काय सांगू! रडणारं लेकरू अंग आवळते, बाई. आवळलेल्या अंगात तेल शिरत नाई. आज एवढं शिरलं! पाठ अशी मोकळी झाली का जसा मळलेला कणकेचा गोळा. तीस वर्सात असं अंग हाताले लागलं नवतं."

तिनं ते पुढच्या घरी सांगितलं. त्याच्या पुढच्या घरीही. "मोबाईल लावा, बाई. लेकरू रडत नाई, तुमच्या जिवालेबी सुख." ज्यांच्याकडे तसा फोन नव्हता त्यांच्यासाठी तिनं भोजराजला सांगून आपल्या कामासाठीच एक घेतला. स्टेशनजवळच्या मोबाईलच्या दुकानात जाऊन कार्डात गाणी भरून आणली. दुकानदारानं विचारलं, "कौनसे गाने चाहिए, काकी? पुराने?" ती म्हणाली, "लेकराइचे. ज्याच्यात जनावरं नाचतेत ते."

फोन तेलाच्या पिशवीत आला. पण तेलाच्या हातानं काच धरता येईना, निसटायची. मग फोन धरायचं काम यशूकडे आलं.

आठ वर्षांची पोर. बाळ आजीच्या नडग्यांवर, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच. त्याला दिसेल असा फोन धरायचा तर उकिडवं बसून, हात खाली, मान त्याहून खाली. शाळेच्या आधी दोन घरं, रविवारी चार. "माही हेल्पर," शामकलाबाई कौतुकानं सांगायची. बायका यशूला बिस्किटं द्यायच्या. किती शांत मुलगी, किती मान खाली घालून बसते, म्हणायच्या. मीही म्हटलं आहे. आमच्या पेरूखाली ती आता फोन गुडघ्यांत धरून बसायची. मुंग्या भिंतीवर चढून जायच्या.

घरी अल्कानं एकदा हटकलं. "आई, पोरगी सारखी त्याच्यातच राहते."

"कामाचा फोन हाय तो," शामकलाबाई म्हणाली. "तिच्याजवळ राहिला त सांभाळून राहते. भोजराज नेईल त फोडून आणील."

अशा रीतीनं त्या घरात फोन यशूचा झाला. कुणी तो तिला दिला नव्हता. म्हणून परत मागायलाही कुणाला जागा नव्हती.

*

तीन वर्षांनी एका रविवारी शामकलाबाई यशूच्या डोक्याला तेल लावत होती. यशू सहावीत. अंगठा केसांतून खाली उतरला आणि मान संपून पाठ सुरू होते तिथे अडला.

"हे काय वं?"

"काय?"

"बोरासारखं लागून राहिलं." तिनं दाबलं. यशू किंचाळली.

"केव्हापासून दुखते?"

"मले काय माहीत. दुखतेच. बोटाइले मुंग्या बी येतेत."

"सांगितलं काऊन नाई?"

"तू विचारलं काऊन नाई?"

हे शामकलाबाईनं मला नंतर सांगितलं. त्या दिवशी नाही सांगितलं. आठ दिवस ती कुणालाच बोलली नाही. गावभराच्या पोरांची अंगं वळवलेले हात होते, नातीची मान वळवायला डॉक्टर कशाला? सकाळ-संध्याकाळ तेल गरम करून तिनं यशूची मान चोळली, खांदे मागे ओढले, पाठीत गुडघा लावून ताणलं. चोळेपर्यंत यशूला बरं वाटायचं. हात काढला की खांदे पुन्हा पुढे यायचे, जशी गुंडाळून ठेवलेली चटई सरळ केली तरी हात सोडल्यावर गुंडाळते.

नवव्या दिवशी ती माझ्याकडे आली. पिशवी खाली ठेवली नाही, उभीच राहिली.

"बाई, यशूनं मान सोडली."

मला आधी कळलंच नाही. तीन महिन्यांच्या मुलाबद्दल बोलायची भाषा ती अकरा वर्षांच्या मुलीबद्दल बोलत होती.

"म्हणजे?"

"धरलेली मान सोडली तिनं. माह्या हाताले ऐकत नाई आता. तुम्ही चालता का संगं गोंदियाले? अल्काले दुकानातून सुट्टी नाई, आन् मले तिथली हिंदी झेपत नाई."

आम्ही तिघी गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी यशूला उभं करून बाजूनं पाहिलं, बोटं दाबून पाहिली, एक्स-रे काढायला पाठवलं. फोटो आला तेव्हा तो दिव्याच्या पेटीवर लावून म्हणाले, "दादी, इसकी गर्दन की हड्डी सीधी हो गई है।"

शामकलाबाईचा चेहरा उजळला. "सिद्धी झाली?" तिनं माझा हात धरला. "मंग चांगलंच झालं न! मी आठ दिवस चोळून राहिली, बाई. फोटोत सिद्धी दिसली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. एक जराशी वाकलेली, पुढून बाक असलेली. "ये होनी चाहिए।" दुसरी सरळ काठीसारखी. "ये है।" मानेला निसर्गानं दिलेली कमान असते, तिच्यावर डोक्याचं ओझं तोललं जातं. ही मुलगी वर्षानुवर्षं खाली पाहते, कमान सपाट होत चालली आहे, म्हणून स्नायू ओढले जातात, मुंग्या येतात. वय लहान आहे, सुधारेल. पण औषधानं नाही. रोजच्या व्यायामानं आणि फोन सुटला तर.

शामकलाबाई त्या काठीसारख्या रेघेकडे पाहत राहिली. जन्मभर तिनं सरळ व्हावं म्हणून हात फिरवले होते.

शेजारच्या खोलीत व्यायाम शिकवणाऱ्या ताई होत्या, मराठी बोलणाऱ्या, तरुण. त्यांनी यशूला भिंतीला टेकून उभं राहायला, हनुवटी आत ओढायला शिकवलं. मग म्हणाल्या, "आता पालथी झोप. हात बाजूला. मान उचल. मी दहा मोजेपर्यंत धरून ठेवायची."

यशूनं मान उचलली. चारला थरथरली, सहाला खाली टाकली.

शामकलाबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती नातीच्या डोक्याकडे पाहत होती, आणि तिचे दोन्ही हात टाळी वाजवल्यासारखे एकमेकांजवळ आले होते.

"रोज दहा वेळा करायचं," ताई म्हणाल्या. "फोन घ्यायचाच असेल तर डोळ्यांसमोर धरायचा, वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. आणि आजी, एक लक्षात ठेवा. गावाकडे त्या मालिशवाल्या बायका असतात ना, त्यांच्याकडे अजिबात न्यायचं नाही. काही कळत नसतं त्यांना, मान ओढतात. उगाच काहीतरी होऊन बसेल."

"आजीच त—" यशूनं तोंड उघडलं.

"चूप बस," शामकलाबाई म्हणाली, आणि हात पदराखाली घेतले. "नाई नेत, ताई. कायले नेऊ."

परतीच्या गाडीत तिनं एक्स-रे खिडकीशी धरला. बाहेर धानाच्या बांध्या मागे पळत होत्या आणि काळ्या फोटोत नातीची हाडं पांढरी दिसत होती. तिनं एकेका हाडावर बोट ठेवून मोजलं. "सात," ती म्हणाली. "माह्या हाताले बी सातच लागत होते, बाई." मग फोटो पाकिटात सरकवताना, "एवढेसे असतेत, हे माहीत नवतं."

समोर यशू फोन डोळ्यांसमोर धरून बसली होती, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. मधलं स्टेशन आलं तोवर तिचा हात दुखला आणि फोन मांडीवर आला.

*

मोबाईल आधी तांदळाच्या डब्यात गेला. यशूनं तो दुसऱ्याच दिवशी शोधला, कारण कुणाचा तरी फोन आला आणि डब्यातून अस्वलाचं गाणं वाजलं. मग अल्कानं तो दुकानात नेला. तिकडून घरी विचारायला साधनच राहिलं नाही की पोरगी शाळेतून आली का. तीन दिवसांनी परत आणला.

"मी काय करू, आई? तुमच्या कामाच्या टायमाले ती एकटी राहते. फोन नाई त जीव टांगणीले."

भोजराज जेवता जेवता स्वतःच्या फोनमध्ये कुस्ती पाहत होता. ताटाकडे न पाहता घास तोंडात जात होता. शामकलाबाई म्हणाली, "बापू, तूच आधी वर पाह्य."

"मी दिवसभर पोते पाहतो, माय. घरी बी पोतेच पाहू का?"

यशू हसली. घरात असा एक क्षण हसू आलं की शामकलाबाईला वाटायचं, आता सांगावं, आता ऐकेल. ती म्हणाली, "यशू, देऊन टाक बेटा तो फोन."

"तूच त दिला. माही हेल्पर, माही हेल्पर करत होती. आता काऊन?"

एकदा शामकलाबाईनं आठवडाभर तो फोन माझ्या कपाटात ठेवायला दिला. त्या आठवड्यात मी यशूला दोनदा पेरूखाली पाहिलं. हातात काही नव्हतं. गुडघे तसेच जवळ, मान तशीच खाली. ती जमिनीकडेही पाहत नव्हती. फोन नसला तरी मान तिथेच जाऊन बसत होती. मी फोन सातव्या दिवशी परत दिला तेव्हा शामकलाबाईनं तो पिशवीत टाकला. तिनंही ते पाहिलं असणार.

मग तिनं दुसरीकडून सुरुवात केली. घरोघरी सांगायला लागली: मोबाईल लावू नका. लेकराला रडू द्या. रडून अंग मोकळं होते.

"अगंबाई," एकीनं म्हटलं, "तुम्हीच तर लावायला सांगितलं होतं, मावशी. माझ्या मोठ्याच्या वेळी."

"सांगितलं होतं. चुकलं."

"मग आता याला रडवू का? तुमच्या हातानं दुखतं का त्याला?"

बँकेतल्या साहेबांची बायको हसून म्हणाली, "मावशी, तुमचा फोन बिघडला वाटतं!"

कुणी फोन बंद केला नाही. आता तर तिची गरजही नव्हती, प्रत्येकीकडे आपापला होता. बाळांची अंगं तिच्या मांडीवर सैल पडायची, कणकेच्या गोळ्यासारखी. तिनंच कधी कौतुकानं तसं म्हटलं होतं. एकदा मला म्हणाली, "बाई, आता सैल अंग हाताले लागलं का भेव वाटते. वाटते का लेकरू घरी नाई."

*

सोळा साली गोवर्धनसेठच्या घरी दुसरा नातू झाला. साडेतीन महिन्यांचा झाला तरी शामकलाबाईनं मान जाहीर केली नव्हती. त्या सकाळी सेठच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, ताटात नारळ ठेवलाच होता. सून फोन घेऊन समोर. अस्वल जाऊन आता माकड आलं होतं. माकडाचं गाणं सुरू झालं आणि नडग्यांवर पालथ्या पडलेल्या बाळानं डोकं उचललं. उचललं आणि धरलं. गाणं संपेपर्यंत धरलं.

"धरली! मावशी, धरली न?" सून ओरडली.

"नाई," शामकलाबाई म्हणाली.

"अहो, दोन मिनिटं झाली! बघा तरी."

"मोबाईल बंद करा. टाळी वाजवू द्या."

सुनेनं तोंड वाकडं करत बंद केला. शामकलाबाईनं टाळी वाजवली. बाळानं टाळीकडे पाहिलं नाही. माकड कुठे गेलं ते शोधत त्यानं डोकं इकडे-तिकडे वळवलं, आणि मग रडायला लागलं.

"हे त्यानं नाई धरली, बाई. मोबाईलनं धरून ठेवली."

"असं कसं? मान तर मान आहे!" प्रेमिलाबाईंचा आवाज चढला. "साडेतीन महिने झाले. लोक विचारतात. आमच्या बाळात काय कमी आहे का?"

"अजून पंधरा दिवस पाहा. मोबाईल न लावता."

सून आत जाताना म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल असं, "मम्मीजी, इनकी नज़र चली गई है अब।"

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की आजपासून येऊ नका, गोंदियाहून एक बाई मिळाली आहे. त्या बाईनं पहिल्याच दिवशी मान जाहीर केली आणि नारळ तिला गेला.

हे सगळं शामकलाबाईनं माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून सांगितलं. मी म्हटलं, "बरोबरच केलंस. अजून धरली नसेल तर कसं सांगायचं?"

तिनं पेल्यातला चहा संपवला, पेला धुतला, पिशवीत ठेवला.

"धरली होती, बाई."

"काय?"

"त्यानं पक्की धरली होती. दहा-बारा दिवसांपासून. हाताले कळते न. मी खोटं बोलली."

"पण का?"

"मले वाटलं, नाई म्हटलं त पंधरा दिवस तरी बंद ठेवतील." ती जायला निघाली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "एक दिवस बी नाई ठेवला."

*

त्यानंतर एकदा दुपारी केतकीची सातवीची जुनी पुस्तकं द्यायला मी तिच्या घरी गेले. दार उघडं होतं. जमिनीवर ती वाकळ अंथरलेली आणि तिच्यावर यशू पालथी. शामकलाबाई पाटावर पाय पसरून समोर बसलेली, न्हाणीत बसायची तशीच. यशूचे पाय वाकळेच्या बाहेर, पार उंबऱ्यापर्यंत आलेले. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती, मी बाहेरच उभी राहिले.

"हे शेवटचं, आजी. नऊ झाले."

"सात झाले."

"नऊ!"

"बरं, नऊ. उचल."

यशूनं मान उचलली. मानेच्या मागचं ते बोर वर आलं, गोल, चकचकीत. शामकलाबाई मोजायला लागली.

"एक. दोन. तीन."

तिचं मोजणं मी ऐकलेलं होतं. केतकीच्या वेळी ती मनात मोजायची, पण ओठ हलायचे, आणि दोन आकड्यांमध्ये एक पूर्ण श्वास जायचा. चारला यशूचे खांदे थरथरले. शामकलाबाईनं ते पाहिलं.

"पाच. सहासातआठ. नऊदहा. झालं."

यशूचं डोकं वाकळेवर आपटलं, मोरपंखी तुकड्याच्या शेजारी. तोंड तिकडेच ठेवून तिनं विचारलं, "धरली का, आजी?"

शामकलाबाईनं मला दारात पाहिलं. माझ्याकडे पाहतच ती म्हणाली, "धरली."

यशू उठली. मला "काकू" म्हणाली, पुस्तकं घेतली, कोनाड्यात टाकली. खोलीतला विजेचा बोर्ड भिंतीला अगदी खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर होता, आणि तिथे फोन चार्जिंगला लावलेला. वायर तोकडी. ती भिंतीशी जाऊन बसली, फोन काढला नाही, वायर जिथवर पुरत होती तिथवर वाकली.

"वर घे तरी जरा," शामकलाबाई म्हणाली.

"वायर पुरत नाई न."

"हो," ती म्हणाली. "नाई पुरत."

आणि तेल न लागलेले हात तिनं पदराला पुसले.